वीस मिलिमीटरची प्लेट आणि घरची करवत

जालन्यात लोखंडाला तोटा नाही. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांच्यामुळे सळई, पट्टी, अँगल यांपैकी काय हवे ते सांगा, तासाभरात दारात येते. पण २० मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट मागितली, तर दुकानदार आधी आपल्याकडे पाहतो आणि मग विचारतो, 'सर, खिडकीचं सेक्शन पाहिजे का?' मला खिडकी करायची नव्हती. मला दुर्बिणीचा आधार करायचा होता.

दुर्बिणीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला, तर एकच चक्र फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. त्यासाठी आधाराला आपल्या गावाच्या अक्षांशाइतका उतार द्यावा लागतो. जालना सुमारे १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि माझ्या दुर्बिणीबरोबर आलेला आधार २५ अंशांच्या खाली उतरत नव्हता. लाकडी पाचर दोन पावसाळ्यांत फुगून वाकडी झाली. लोखंडाची केली असती, तर गच्चीवर चढवताना कंबर धरली असती. म्हणून मी संभाजीनगरला जाऊन, वाळूजच्या कारखान्यांतून निघणारे उरलेसुरले तुकडे विकणाऱ्या एका भंगारवाल्याकडून ४०० बाय २५० मिलिमीटरची, २० मिलिमीटर जाडीची प्लेट वजनावर आणली. अ‍ॅल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम असल्याने तिचे वजन ५.४ किलो भरले. तेवढीच लोखंडी प्लेट जवळजवळ १६ किलोंची झाली असती.

प्लेटच्या कोपऱ्यात रंगाने ६४४३० असा आकडा लिहिलेला होता. हा आकडा वाचता आला तर पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. ६४४३० हा आपल्याकडचा जुना क्रमांक असून बाजारात त्याच मिश्रधातूला एचई-३० म्हणतात आणि आंतरराष्ट्रीय यादीत तो ६०८२ या नावाने ओळखला जातो. ६५०३२ म्हणजे एचई-२०, अर्थात ६०६१. या दोन्हींत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते, उष्णतेची प्रक्रिया देऊन त्यांना कणखर केलेले असते आणि त्यामुळे ते कापायला बरेच सरळ असतात. याउलट, आपल्या घरी ज्याला 'जर्मनचे पातेले' म्हणतात त्या जातीचे मऊ, जवळजवळ शुद्ध अ‍ॅल्युमिनियम जाड तुकड्यात कापणे अधिक त्रासाचे असते. हे ऐकून अनेकांना नवल वाटते, कारण मऊ वस्तू सहज कापली जावी अशी आपली समजूत असते. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत ती समजूत चुकीची आहे, आणि माझे पहिले दोन दिवस याच समजुतीने खाल्ले.

पहिल्या दिवशी मी अँगल ग्राइंडर हातात घेतला. घरात लोखंड कापायची सवय असलेला प्रत्येक माणूस हेच करील. लोखंडावर चालणारी साधी कटिंग डिस्क लावली आणि प्लेटवर टेकवली. पाच-सात सेकंद बरे गेले, मग आवाज बदलला, डिस्क घसरू लागली आणि खाचेच्या कडेला वितळून थिजल्यासारखा चकाकणारा धातू दिसू लागला. यंत्र बंद करून पाहिले तर डिस्कच्या काठावर अ‍ॅल्युमिनियमचा थर बसलेला होता. डिस्क ज्या कणांनी कापते ते कण त्या थराखाली गाडले गेले होते, म्हणजे मी धातूवर धातू घासत होतो. असे झाले की माणूस जोर वाढवतो, जोराने उष्णता वाढते, उष्णतेने आणखी धातू चिकटतो, आणि तापलेली, एका अंगाने जड झालेली डिस्क फुटून तिचे तुकडे कुठेही जाऊ शकतात. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळ्या बनावटीच्या डिस्क मिळतात. त्या पातळ पट्टीला चालतात, पण २० मिलिमीटरच्या प्लेटीला मी त्याही लावणार नाही. आणि ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांनी तो तिथेच सोडावा. त्या यंत्राला तसे पाते झाकणारे संरक्षण नसते आणि पाते अडकले की यंत्र हातात राहत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक चाचा लेथ चालवतात. ती काळवंडलेली डिस्क घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. ते त्या वेळी अ‍ॅल्युमिनियमचीच एक पुली कातत होते आणि मी मोठ्या लक्षाने त्यांच्या हत्याराच्या टोकाकडे पाहत उभा राहिलो. 'सर, टूलाकडं कामून बघायलात? किसाकडं बघा की,' एवढेच ते म्हणाले. किसाकडे पाहिले तर तो चमकदार, आखूड वळ्यांचा, तुटून तुटून खाली पडणारा होता. तोच कीस थोड्या वेळाने त्यांनी मुद्दाम रॉकेल न लावता काढून दाखवला, तेव्हा तो मळकट, फाटल्यासारखा निघाला आणि त्याचा एक कण हत्याराच्या टोकाला चिकटून बसला. मग पुढची कातणी खरखरीत झाली, कारण आता पोलाद कापत नव्हते, त्याच्यावर चढलेला अ‍ॅल्युमिनियमचा गोळाच कापत होता.

जाड अ‍ॅल्युमिनियम कापण्याचे सगळे काम त्या एका वाक्यात आहे, असे मला आता वाटते. धातू कापणे अवघड नाही. कापलेला धातू खाचेतून बाहेर काढणे हेच खरे काम. पातळ पत्र्यात कीस आपोआप खाली पडतो. २० मिलिमीटरच्या खाचेत त्याला बाहेर पडायला वाट लांब पडते. वाटेत तो दातांच्या मधल्या पोकळीत साठतो, दाबला जातो, तापतो आणि दाताला चिकटतो. एकदा ही गोष्ट पटली की दातांची संख्या, वेग, वंगण यांचे सगळे निर्णय त्यातूनच निघतात.

दातांचेच घ्या. आपल्याकडे हॅकसॉचे, म्हणजे हाताने धातू कापायच्या करवतीचे, पान मागितले की दुकानदार बहुधा इंचाला २४ दातांचे पान देतो. २० मिलिमीटर जाडीत त्या पानाचे एका वेळी जवळजवळ १९ दात धातूत असतात आणि प्रत्येक दातापुढची पोकळी एक मिलिमीटरहून जेमतेम मोठी असते. ती पोकळी पान निम्मे पुढे जाण्याआधीच भरते आणि उरलेला अर्धा हात आपण नुसते घासत असतो. इंचाला १८ दातांच्या पानाचे १४ दात लागतात, १४ दातांच्या पानाचे ११. किमान तीन दात धातूत असावेत, हा जुना नियम पातळ पत्र्यासाठी आहे, कारण तिथे मोठा दात कडेला अडकून तुटतो. जाड प्लेटीत ती भीतीच नाही, म्हणून शक्य तितके मोठे दात घ्यावेत. मी १८ दातांचे पान वापरले, कारण आमच्या बाजारात १४ चे मिळाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी जिगसॉ, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या अरुंद पात्याची विजेची करवत, लावून पाहिली होती, तिची हकिकत थोडक्यात सांगतो. यंत्र चांगले होते, पातेही अ‍ॅल्युमिनियमसाठीचे, इंचाला आठ दातांचे होते. वरची रेघ मी अगदी बरोबर पाळली. प्लेट उलटी केली तेव्हा खालची कड वरच्या कडेपासून अडीच मिलिमीटर सरकलेली होती. जिगसॉचे पाते एकाच टोकाला धरलेले असते. जाड धातूत त्याचे मोकळे टोक जिकडे प्रतिकार कमी तिकडे वळते आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. १० मिलिमीटरपर्यंत, पेंड्युलमची, म्हणजे पाते पुढे-मागे झुलवणारी, हालचाल बंद ठेवून, मंद वेगाने आणि मेण लावून जिगसॉ उपयोगी पडते, विशेषतः वळणदार कापासाठी. त्यापुढे तिच्यावर भरवसा ठेवून रेघेवर कापायला जाऊ नये. रेघेपासून तीन मिलिमीटर बाहेरून कापावे आणि उरलेले कानशीने काढावे, म्हणजे वेळ वाचल्याचे समाधान तेवढे मिळते.

नशिबाने तो प्रयोग मी प्लेटच्या टाकाऊ टोकावर केला होता. आता खऱ्या कामाची आखणी करायची होती. उतार चांद्याने मोजून काढावा असे आधी वाटले, पण लहान चांद्यावर अर्धा अंश इकडेतिकडे सहज होतो. त्याऐवजी त्रिकोणमिती बरी. १९.८ अंशांचा टॅन्जंट ०.३६ येतो, म्हणून २०० मिलिमीटर पायाला ७२ मिलिमीटर उंची घेतली की उतार तयार. यात एका मिलिमीटरची चूक झाली तरी कोन पाव अंशाच्या आसपासच हलतो आणि तेवढे पुढे स्क्रूने साधता येते. प्लेटीवर मार्करची जाड रेघ न ओढता काळा रंग फासून त्यावर टोकदार सुईने ओरखडा ओढला. अ‍ॅल्युमिनियमवर पेन्सिलीची रेघ पहिल्या रॉकेलच्या थेंबासरशी पुसली जाते, हे सांगायला हवे. मोजमाप सकाळी केले, कारण गच्चीवर उन्हात ठेवलेली प्लेट हाताला चटका देण्याइतकी तापते. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि ३०० मिलिमीटर लांबी ५० अंशांनी तापली तर ती सुमारे एक-तृतीयांश मिलिमीटरने वाढते. माझ्या कामाला तेवढ्याने फरक पडला नसता. तरी कापून झाल्यावर गरम तुकडा मोजून 'बसत नाही' म्हणून कानस चालवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांत मीही आहे.

पहिला काप, म्हणजे प्लेटीचे दोन भाग करणारा २५० मिलिमीटर लांबीचा काप, मी हातानेच केला. इथे एक अडचण येते ती नवशिक्याला आधी दिसत नाही. हॅकसॉची चौकट पात्याच्या वर आठ-दहा सेंटिमीटरवर असते, त्यामुळे तेवढे खोल गेल्यावर ती प्लेटीच्या कडेवर आपटते. पण चौकटीच्या दोन्ही टोकांची खुंटी पाव वळसा फिरवून बसवता येते. मग चौकट पात्याच्या बाजूला येते, आणि वेगळी करायची पट्टी चौकटीच्या खोलीपेक्षा अरुंद असेल तर ती बाजूने मोकळी चालते. प्लेट व्हाइसमध्ये उभी, जबड्यांना प्लायवुडचे तुकडे लावून धरली, म्हणजे पानाला एका वेळी फक्त २० मिलिमीटरची जाडी कापावी लागली. हीच प्लेट आडवी ठेवून वरून कापायला घेतली असती, तर सबंध पान धातूत गाडले गेले असते आणि कीस काढायला जागाच राहिली नसती. दात पुढच्या दिशेला, जाताना दाब, येताना हात हलका, मिनिटाला चाळीसेक हात आणि प्रत्येक लांब हातात पानाचा पूर्ण उपयोग. दर दहा-बारा हातांनंतर रॉकेलाचा एक थेंब आणि जुन्या टूथब्रशने दातांवरून एक फटका. रेशनवर रॉकेल मिळेनासे झाल्यापासून ते शोधावे लागते. ज्यांना मिळत नाही त्यांनी शिलाई मशीनचे तेल किंवा डब्ल्यूडी-४० वापरावे, तेही चालते.

मला वाटले होते, याला दोन संध्याकाळी लागतील. विश्रांतीसकट पाऊण तास लागला. हॅकसॉला आपण उगाच गरिबाचे हत्यार म्हणून बाजूला सारतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये योग्य पान आणि थोडे वंगण असेल, तर ती एका हातात पाव-अर्धा मिलिमीटर पुढे जाते, धूळ उडवत नाही, आवाज करत नाही आणि वीज गेली तरी चालू राहते. शेवटची गोष्ट आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत विशेष महत्त्वाची आहे. एकच काळजी घ्यावी लागली. निम्म्याच्या पुढे गेल्यावर खाच आवळायला लागली आणि पान चेपले जाऊ लागले. लाटून तयार केलेल्या प्लेटीत अंतर्गत ताण राहिलेले असतात. कारखान्यात ओढून ते ताण काढलेल्या प्लेटीच्या क्रमांकापुढे टी-६५१ असे लिहिलेले असते, माझ्या तुकड्यावर तसे काही नव्हते. बांबूची पातळ पाचर खाचेत मागच्या बाजूने सारली आणि काम पुढे गेले.

तिरके दोन काप मात्र मी यंत्राने केले, कारण दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्या होत्या. इथे आपल्याकडे सर्रास होणाऱ्या एका गोष्टीबद्दल बोललेच पाहिजे. घरोघरी चार इंची मार्बल कटर असतो. त्याला लाकडाचे टंगस्टन कार्बाइडच्या दातांचे पाते लावून प्लायवुडपासून अ‍ॅल्युमिनियमपर्यंत सगळे कापणारे कारागीर मी रोज पाहतो. मार्बल कटर मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेतो. ११० मिलिमीटरच्या पात्याच्या काठाचा वेग मग सेकंदाला ७५ मीटरच्या घरात जातो. १८५ मिलिमीटरच्या सर्क्युलर सॉचा, म्हणजे गोल पात्याच्या लाकूड कापायच्या यंत्राचा, ५,००० फेऱ्यांना, तोच वेग ४८ मीटरच्या आसपास असतो. जास्त वेग म्हणजे जास्त उष्णता, आणि उष्णता म्हणजे दाताला चिकटलेला कीस. शिवाय मार्बल कटरला खालून पाते झाकणारे, आपोआप परत येणारे आवरण बहुधा नसते आणि बटण दाबून अडकवून ठेवता येते, म्हणजे यंत्र उसळून हातातून सुटले तरी ते फिरतच राहते. दगडाला दात नसलेले पाते असते, ते उसळत नाही. दातेरी पाते उसळते. कारागिरांना हात बसलेला असतो हे खरे, पण त्यांच्यातल्या किती जणांची बोटे पूर्ण आहेत हेही पाहावे.

मी एका सुताराकडून सर्क्युलर सॉ दोन दिवसांसाठी मागून आणली आणि पाते स्वतः विकत घेतले. अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यात दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे दात किंचित मागे झुकलेले असावेत. लाकडाच्या पात्याचे दात पुढे झुकलेले असतात, ते मऊ धातूत आपणहून खोल घुसतात आणि यंत्राला धक्का बसतो. दुसरी म्हणजे दातांचा आकार. एक दात टोकाला दोन्ही कोपरे तासलेला आणि थोडा उंच, त्याच्या पुढचा सपाट आणि बुटका, अशी जोडी असते. उंच दात मध्ये चर पाडतो, सपाट दात दोन्ही कडा साफ करतो, त्यामुळे रुंद कीस तुटून तीन भागांत निघतो. दातांची संख्या दुकानदाराने ६० सुचवली, मी ४० चे घेतले. धातूला जास्त दात हा त्याचा नियम खिडकीच्या पोकळ सेक्शनसाठी बरोबर आहे, पण २० मिलिमीटरच्या भरीव प्लेटीत दातांमधली पोकळी मोठी हवी.

प्लेट खाली प्लायवुड ठेवून दोन क्लॅम्पनी घट्ट बांधली, रेघेला समांतर एक सरळ पट्टी यंत्राच्या तळाला टेकण्यासाठी बांधली, तळाचे ओरखडे पडू नयेत म्हणून प्लेटीवर कागदी टेप लावली. पाते एकदम पूर्ण खोल न सोडता दर फेरीला चार-पाच मिलिमीटर असे पाच फेऱ्यांत उतरवले. रॉकेल इथे वापरायचे नाही. या यंत्रांच्या मोटारीत कार्बन ब्रशपाशी ठिणगी पडत असते आणि तिथे रॉकेलाचा फवारा उडवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. प्लग काढून पात्याच्या दातांवर साधी मेणबत्ती घासली, प्रत्येक फेरीआधी पुन्हा. मेण वितळताना उष्णता घेते, दातावर पातळ थर ठेवते आणि धातूला चिकटू देत नाही. पहिल्या फेरीत यंत्र घाईने ढकलले तेव्हा कीस जाडसर आणि काप खडबडीत आला. फारच हळू नेले तेव्हा बारीक पूड पडू लागली आणि मेण धुरायला लागले. दोन्हींच्या मध्ये एक वेग सापडतो, जिथे आवाज एकसारखा राहतो आणि तांदळाच्या दाण्याएवढे चमकदार तुकडे सडा टाकल्यासारखे पडतात. कापायला दहा मिनिटे लागली, बांधणीला पाऊण तास.

ते तुकडे गरम असतात आणि कुठेही जातात. पूर्ण बंद चष्मा, कानात बोळे, गळ्यापर्यंत बटणे लावलेला सुती सदरा आणि बंद बूट एवढे हवेच. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत. मी खिशाचा सदरा घातला होता, त्या खिशातून दोन चमचे कीस निघाला. तळपायाला चिकटून तो स्वयंपाकघरापर्यंत पोचला, त्याबद्दल आईने जे ऐकवले ते इथे लिहीत नाही.

कडा साफ करायला आधी एकेरी दातांची कानस, मग बारीक. कानशीच्या दातांत अ‍ॅल्युमिनियमचे कण रुतून बसतात आणि तेच पुढे प्लेटीवर खोल चरे पाडतात. शाळेतला खडू कानशीवर आडवा घासून घेतला की कण खडूत बसतात, दातांत नाही, आणि तारेच्या ब्रशने चटकन झडतात. मी शिक्षक असल्याने खडूची ददात नव्हती. बेंच ग्राइंडरच्या दगडी चाकाला प्लेटीची कड लावू नये. ते चाक भरून येते, तापते आणि फुटू शकते. आणखी एक गोष्ट, जी लोखंडाच्या गावात जरा जास्तच जपली पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड आणि लोखंडाचा गंज एकत्र येऊन पेटले, तर रुळांचे सांधे जोडायला वापरतात तीच थर्माइटची प्रक्रिया होते. करवतीच्या जाड किसाला ती भीती फारशी नाही, पण पट्ट्याच्या सँडरखाली साठलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीवर लोखंड घासून ठिणग्या पाडू नयेत. एक धातू संपला की जागा झाडून, पिशवी रिकामी करून मगच दुसरा घ्यावा.

दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून पाहिल्या तेव्हा वरच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक होता. तो दोन्ही एकत्र व्हाइसमध्ये बांधून कानशीने काढला. आधार जोडून गच्चीवर ठेवला आणि त्या रात्री उत्तरेला, क्षितिजापासून वीसेक अंशांवर, ध्रुवतारा अंधारात न चाचपडता सापडला.

कीस मी डब्यात भरून ठेवला होता. पुढच्या खेपेला त्याच भंगारवाल्याकडे नेला. त्याने डब्यात चुंबक फिरवले, तर ग्राइंडरच्या जागेवरचा लोखंडाचा चुरा झुपक्यांनी वर आला. 'हे वेगळं करून आणा, सर,' असे म्हणून त्याने डबा परत दिला. सध्या तो डबा आणि एक चुंबक गच्चीच्या जिन्याखाली आहेत.